काळ्या लोखंडाची धग

त्या नटाचे वजन फार तर साठ-पासष्ट ग्रॅम असेल. वीस मिलिमीटरच्या बोल्टचा तो नट इंजिनाच्या पायात बसलेला होता, आणि खारे पाणी, जुना रंग व डिझेलचा चिकटा यांनी इतका एकजीव झाला होता की त्याचे सहा कोपरे कुठे संपतात आणि गंज कुठे सुरू होतो हे डोळ्यांना नव्हे, बोटांनाच कळावे. जूनचा पहिला आठवडा होता. मासेमारी बंद झाली होती, हर्णैच्या किनाऱ्यावर नौका वर ओढून शाकारण्याची घाई चालली होती आणि सुवर्णदुर्गाच्या मागे आभाळ भरून येत होते. पाऊस कोसळायच्या आत एका लाकडी नौकेचे इंजिन पायावरून उचलायचे काम माझ्याकडे आले होते. इंडक्शन हीटरचे वेटोळे मी नटावर चढवले आणि बटण दाबले. यंत्र मंद गुणगुणू लागले, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात तो काळा गोळा आतून उजळल्यासारखा लाल झाला. पान्याच्या दुसऱ्या हिसक्याला तो फिरला. मी तो सांडशीने उचलून बाहेर पत्र्यावर ठेवला आणि पुढच्या नटाकडे वळलो. त्या नटाची गोष्ट माझ्यापुरती तेवढ्यात संपली होती.

माझा भाचा चहा घेऊन आला तोवर नट पुन्हा काळा झाला होता. दहावी झालेला, आयटीआयच्या प्रवेशाची वाट पाहत माझ्या हाताशी आलेला मुलगा. त्याने किटली खाली ठेवली आणि आटे कितपत शाबूत आहेत हे पाहण्यासाठी तो नट अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत सहज उचलला, समुद्रावरचा एखादा शिंपला उचलावा तितक्या सहज. तो ओरडला नाही. श्वास आत ओढल्याचा एक आवाज तेवढा आला, मग नट ओल्या वाळूत पडून चुरचुरला, आणि त्यानंतर जो वास आला तो मी इथे लिहीत नाही. त्याचा हात मी बराच वेळ नळाखाली धरून ठेवला, मग दवाखान्यात नेऊन आणले. अंगठ्यावर दोन सरळ कडा आणि त्यांच्यामधला कोन स्पष्ट उमटला होता. रात्री जेवताना डाव्या हाताने भात कालवत त्याने विचारले, ‘मामा, पण आग कुठे होती?’

त्या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. ते मी दिले, आणि प्रश्न तसाच राहिला.

उत्तर शाळेच्या पुस्तकातलेच आहे. फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले की बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू असला तर त्यात वीज निर्माण होते. माझ्या हातातले यंत्र घरातली वीज घेते, तिची दिशा सेकंदाला पन्नास आवर्तनांऐवजी हजारो आवर्तनांनी उलटसुलट करते आणि ती वेटोळ्यातून फिरवते. वेटोळे आणि नट यांचा एकमेकांना स्पर्शही होत नाही. तरीही नटाच्या अंगात विजेचे भोवरे उठतात, खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी पाण्यात उठतात तसे, आणि लोखंड त्यांना जो विरोध करते त्यातून उष्णता होते. लोखंड चुंबकाला धरणारे असते, म्हणून त्यात आणखी भर पडते. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला त्याचा तो गुण जातो आणि तापण्याचा वेग मंदावतो. ‘आतून उजळल्यासारखा’ असे मी वर लिहिले आहे, ते दिसते तसे लिहिले. खरे तसे नाही. इतक्या वेगाने उलटणारी वीज लोखंडाच्या वरच्या पातळ थरातच घोटाळते, आणि धग तिथे जन्मून मग आत सरकते. आग बाहेरून लागत नाही एवढेच खरे. लोखंड स्वतःच आपली चूल होते. हे सगळे मी भाच्याला ताटावरच समजावून सांगितले. त्याने मान डोलावली आणि हातावरच्या पट्टीकडे पाहिले.

मला स्वतःला ही ज्योत नसलेली उष्णता नवी नव्हती. उमेदीची काही वर्षे मी लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत देखभाल विभागात काढली. सुरुवातीला तिथे बेअरिंग तेलात तापवत. जाड तेलाने भरलेली टाकी, खाली हीटर, आणि तारेला टांगून सोडलेले बेअरिंग. ते दृश्य हुबेहूब वडे तळण्याचे होते. फक्त वास भूक मारणारा होता, आणि पहिली पाळी संपेपर्यंत तो सदऱ्याच्या कॉलरमध्ये बसलेला असे. पुढे इंडक्शनचा हीटर आला. आडव्या लोखंडी दांड्यात बेअरिंग ओवायचे, आतल्या कडीला तापमान मोजणारी तार चिकटवायची, ११० अंश लावायचे आणि बाजूला उभे राहायचे. १२० च्या वर जायचे नाही, नाहीतर बेअरिंगचे पोलाद आपले माप सोडते. वेळ झाली की यंत्र शिट्टी देई आणि जाता जाता बेअरिंगमध्ये उरलेले चुंबकत्वही काढून टाकी, कारण ते राहिले तर लोखंडाचा कीस आयुष्यभर त्याला चिकटत राहील. मग जाड हातमोजे घालून ते शाफ्टवर सरकवायचे, साबणाच्या हातातून बांगडी सरकावी तसे. हातोड्याचा एकही ठोका न मारता काम होते याचे तेव्हा अप्रूप वाटले होते. पण तिथे हातमोज्यांशिवाय कोणी जवळ येत नसे, भिंतीवर पाटी होती, आणि हृदयात पेसमेकर असलेल्याने या यंत्रापाशी थांबू नये हेही तिच्यावर लिहिलेले होते. बंदरावरच्या वाळूत भिंत नाही, मग पाटी कुठे लावायची?

कोकणात दुरुस्ती करणाऱ्याच्या आयुष्याचा निम्मा भाग वस्तू उघडण्यातच जातो. बिघाड शोधणे सोपे असते. तिथवर पोहोचणे कठीण. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, वर्षभर वाऱ्यावर तरंगणारे मीठ, आणि चार महिने न वाळणारी हवा. लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि आट्यांमध्ये जागा तर आधीच नसते; म्हणून नट नुसता चिकटत नाही, तो दाटून बसतो, श्रावणातल्या पावसात फुगलेल्या दारासारखा. मुंबईहून गणपतीला आलेल्या गाड्यांचे बोल्ट आणि इथल्याच गाड्यांचे बोल्ट मी डोळे मिटून वेगळे सांगू शकेन. असा नट सोडवण्याचे जुने मार्ग ठरलेले होते. आधी रॉकेल, मग रात्रभर वाट, मग चारी बाजूंनी हातोड्याचे हलके ठोके, मग पान्याला पाइप लावून जोर, आणि शेवटी गॅस. लाकडी नौकेच्या पोटात गॅसची ज्योत पेटवणे म्हणजे काय हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. खाली डिझेल मिसळलेले पाणी, बाजूला तेल पिऊन काळ्या झालेल्या फळ्या, डोक्याशी नायलॉनची जाळी. एक माणूस ज्योत धरी आणि दुसरा पाण्याने भरलेले गोणपाट घेऊन उभा राही. आणि तो दुसरा माणूस अनेक वर्षे मी होतो.

म्हणूनच हे यंत्र घेतले तेव्हा मला खरोखर सुटल्यासारखे वाटले होते. वापरताना ते साधे दिसते, तरी त्याची एक नजाकत आहे आणि ती कळायला मला दोन-तीन वेटोळी जाळावी लागली. वीस मिलिमीटरचे भोक ३०० अंशांनी तापले तर जेमतेम ०.०७ मिलिमीटरने मोठे होते, म्हणजे एका केसाएवढे. एवढ्याशा फटीवर सगळे काम चालते. पण ती फट नट तापला आणि बोल्ट अजून थंड आहे तेवढ्यापुरतीच असते. हावरेपणाने वेटोळे धरून ठेवले तर धग बोल्टमध्ये उतरते, तोही फुगतो आणि कमावलेले सगळे जाते. थोडे तापवावे, थांबावे, पुन्हा तापवावे. लोखंड फुगताना आणि आक्रसताना गंजाचा थर तडकतो, आणि मग अजून गरम असलेल्या आट्यावर मेणबत्ती टेकवली की मेण आपसूक आत ओढले जाते. वेटोळे नटाला टेकू द्यायचे नाही, नाहीतर त्याच्यावरचे पांढरे विणलेले आवरण करपून काळे पडते. दोन मिनिटे चालवले की यंत्राला विसावा द्यायचा. कारागिराने बोटातली अंगठी आणि मनगटावरचे कडे आधी काढून ठेवायचे, कारण वेटोळे नट आणि अंगठी यांच्यात भेद करत नाही. हे सगळे मी भाच्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते. तापलेला नट काळा दिसतो, हे सांगितले नव्हते. ते कोणी कोणाला सांगते असे मला वाटलेच नव्हते.

तात्या त्या दिवशी शेजारच्या नौकेत होते. वय सत्तरीच्या पुढे, घराणे लोहाराचे, पुढे नौकांच्या इंजिनांवर हात बसलेला. पोराचा हात पाहून ते म्हणाले, ‘आग नाय, धूर नाय, मग पोराला कळायचा कसा?’ यात माझ्यावर ठपका नव्हता, आणि म्हणूनच तो मला लागला. तात्यांच्या वडिलांनी बैलगाडीच्या चाकांना धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवलेली मी लहानपणी पाहिली आहे. हर्णैच्या किनाऱ्यावर तेव्हा भर पाण्यात गाड्या जात, नौकेवरची मासळी घेऊन वर येत, आणि खाऱ्या पाण्याने धावा झिजत. नवी धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवायची, गोवऱ्यांच्या रिंगणात ती ठेवून पेटवायचे, आणि लोखंड फुगले की चौघांनी लांब सांडश्यांनी उचलून चाकावर बसवायची. लाकडातून भपकन ज्वाळा निघे, लगेच कळशीतले पाणी पडे, वाफ उठे, आणि आकसणाऱ्या लोखंडाखाली आऱ्यांचे सांधे कडाकडा आवळले जात. लोखंड गरम करून सैल करायचे आणि थंड करून घट्ट, हीच ती विद्या. बेअरिंग बसवताना आणि नट काढताना मीही तीच वापरतो. फरक असा की त्या वेळी आम्हा पोरांना दूर राहा म्हणून सांगावे लागत नसे. तोंडावर झळ येई, डोळ्यांत धूर जाई, भात्याचा आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू येई. सगळा परिसरच बजावत असे.

काळे लोखंड हा लोहाराच्या घरातला फार जुना शत्रू. लाल लोखंडाला कोणी हात लावत नाही. साधारण पाचशे अंशांच्या खाली आले की त्याची लाली विझते, आणि उन्हात तर त्याच्याही आधी. त्यानंतर ते शंभर अंशांवर असो की चारशेवर, डोळ्यांना एकच काळेपणा दिसतो. तात्यांनी सांगितले की त्यांच्या घरात ऐरणीजवळ पडलेली कुठलीही वस्तू उचलण्याआधी तळहात उताणा करून हाताची मागची बाजू तिच्याजवळ न्यायची, असा दंडक होता. पुढची बाजू कामाची, ती जपायची. घासून लख्ख केलेल्या पोलादावर धग रंग तरी दाखवते, आधी गव्हाळ, मग जांभळा, मग निळा, आणि त्यावरून कोयत्याला पाणी केव्हा द्यायचे ते लोहार ओळखतो. गंजलेल्या नटावर तोही रंग नाही. तात्या बोलत होते आणि मी त्यांच्या हातांकडे पाहत होतो. त्या हातांवरही डाग होते, कितीतरी. म्हणजे दंडक असूनही भाजलेले हात.

हेही लिहायला हवे की या यंत्राच्या हाती सगळे नाही. मागच्या वर्षी नौकेच्या पंख्याचा पितळी नट त्याच्यापुढे नुसता कोमट होऊन बसला. पितळेत वीज सहज वाहते, चुंबकाला ते दाद देत नाही, आणि एवढ्याशा यंत्राच्या ताकदीत ते तापत नाही. तिथे तात्यांचा ज्योतीचा ब्लो लॅम्पच बाहेर काढावा लागला. जास्त ताणाच्या बोल्टला लाल होईतो तापवले तर त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते. तो निघतो खरा, पण पुन्हा वापरण्याच्या लायकीचा राहत नाही, आणि नौकामालकाला नव्या बोल्टचे पैसे सांगताना त्याचा चेहरा पाहावा लागतो. ज्योत नाही म्हणून लाकूड जळत नाही असेही नाही. फळीतून आरपार गेलेला बोल्ट तापला की भोकाच्या कडा आतून कोळसतात आणि वर फक्त एक बारीक, गोडसर धूर येतो, तो ओळखला नाही तर पुढच्या वर्षी तिथून पाणी झिरपते. आणि विजेशिवाय हे यंत्र म्हणजे दांडा असलेला दगड. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले तेव्हा ते माझ्याकडे येऊन काहीच महिने झाले होते. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. मोडलेल्या छपरांचे, छपराखालच्या वाकलेल्या लोखंडी कैच्यांचे गंजके बोल्ट तेवढे दारात येत राहिले, आणि मी ते नवे कोरे यंत्र पेटीत ठेवून पुन्हा छिन्नी, घण आणि रॉकेल काढले. त्या दिवसांत तात्यांच्या भात्यावर रांग होती. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी मला फक्त भाता ओढायला बसवले.

घरात मात्र आग न दिसता धग कळायची कशी हा प्रश्न आमच्या आईने माझ्याही आधी सोडवलेला होता, हे मला फार उशिरा दिसले. त्याच वादळानंतर सिलिंडर मिळेना, तेव्हा वीज आल्या आल्या आम्ही इंडक्शनची शेगडी आणली. तत्त्व तेच, वेटोळे काचेखाली. आईचे ॲल्युमिनियमचे टोप त्या शेगडीने नाकारले, मातीच्या भांड्याचा तर प्रश्नच नव्हता, पण बिडाचा जुना तवा तिने लगेच स्वीकारला. आईने शेगडीवरच्या आकड्यांकडे आजवर पाहिलेले नाही. घावनाचे पीठ घालण्याआधी ती बोटांनी पाण्याचा शिंतोडा मारते. थेंब नुसता बसला तर थांबते, चरचरून पळाला तर पीठ ओतते. यात नवे काही नाही, चुलीवरही ती हेच करी. नवे दुसरेच आहे. तवा उतरवून ओट्यावर ठेवला की ती सांडशी त्याच्या कडेवर तशीच टाकून ठेवते. चुलीच्या दिवसांत सांडशी खुंटीवर जात असे, कारण चुलीशेजारचे भांडे गरम असणार हे घरातले मांजरही जाणते. शेगडी आल्यावर एकदा माझ्या बायकोला चटका बसला, आणि दुसऱ्या दिवसापासून हा नियम कोणी न बोलता सुरू झाला. सांडशी पडलेली आहे म्हणजे हात लावायचा नाही. तवा निवला की आई सांडशी उचलते. इतकी वर्षे मी त्या ओट्यापाशी उभा राहून चहा प्यालो आहे आणि हे मी पाहिलेले नव्हते. मी पाहत होतो ते यंत्र.

नारळी पौर्णिमा जवळ आली तशी बंदरावर रंगाचा वास दाटू लागला. भाच्याच्या अंगठ्यावरचा कोन आता गुलाबी पडला होता आणि त्याला पान्याची पकड पुन्हा येऊ लागली होती. मी त्याला यंत्र हातात द्यायला कचरत होतो, हे मान्य करतो. त्याच्या काळजीपेक्षा माझ्या अपराधीपणानेच मला जास्त अडवले असावे. शेवटी त्यानेच मागितले. पाऊस भुरभुरत होता, आम्ही ताडपत्री ताणून तिच्याखाली बसलो होतो, वायरचा जोड कोरडा राहावा म्हणून मी तो उलट्या बादलीत लपवला होता. जाळी ओढायच्या विंचच्या पायाचे चार नट होते. त्याने बोटातला धातूचा छल्ला काढून खिशात टाकला, वेटोळे अधांतरी धरले, लाली दिसताच हात मागे घेतला, थोडा थांबला, पुन्हा धरले. तिसऱ्या नटाला मी पाठ फिरवून तात्यांशी बोलायला गेलो, कारण पाहत बसलो असतो तर काहीतरी सूचना केलीच असती.

परत आलो तेव्हा तो वर नौकेवर चढलेला होता. पत्र्यावर चार नट ओळीने मांडलेले होते, चारही काळे, चारही सारखेच. त्यातल्या तिघांवर काही नव्हते. चौथ्यावर सांडशी आडवी टाकलेली होती. मी खाली वाकलो आणि हात उताणा करून त्याची मागची बाजू जवळ नेली. धग जाणवली नाही. नट केव्हाच निवला असावा आणि पोरगा सांडशी उचलायला विसरला असावा. तरीही मी तो बोटांनी उचलला नाही. सांडशीनेच उचलून डब्यात टाकला.